'बेस्ट'मधली वीज

'बेस्ट'विषयी मराठीत जे लिहिले गेले ते गेली वीसेक वर्षे मी जमवतो आहे. घरात त्याची एक पत्र्याची पेटी भरली आहे. आत्मचरित्रांतल्या पानांच्या झेरॉक्स, दिवाळी अंकांतले लेख, रविवार पुरवण्यांची कात्रणे. पेटी उघडली की ट्रामची घंटा वाजू लागते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची जागा येते, तिकिटांचे रंग येतात आणि ३१ मार्च १९६४ ची शेवटची ट्राम तर जवळजवळ प्रत्येक लेखातून जाते. वीज मात्र सापडत नाही. तारा, मीटर, दर, थकबाकी, यांवर चार सलग परिच्छेदही मला या पेटीत मिळाले नाहीत.

ही तक्रार केवळ कात्रणे जमवणाऱ्याची नाही. नावातच पाहा. १९०५ साली स्थापन झालेली कंपनी 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज'. वीजपुरवठा आधी, ट्राम नंतर. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये आणि बस आली १९२६ मध्ये. लालबागच्या चाळीत माझी आई महिन्याच्या खर्चात 'बेस्टचं बिल' असे लिहायची. आम्ही डोंबिवलीला आलो आणि त्याच रकान्यात 'लाइटबिल' आले. तिच्या हिशेबात जो फरक पडला, तो आमच्या लेखकांच्या लक्षात आला नाही, असे मला म्हणायचे आहे.

७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, हा योगायोग लेखकांना फार आवडतो आणि ते तिथेच थांबतात. खरा प्रश्न पुढे आहे. निवडून आलेल्या सभागृहाच्या हाती एकाच वेळी शहराचे दिवे आणि शहराची चाके आली. दोन्हींची थैली एक. पुढे वाहतूक तोट्यात गेली, तेव्हा विजेतली शिल्लक तिकडे वळली. घरातल्या दिव्याने रस्त्यावरची बस चालवावी का, हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या तर्काने घेतला?

असा तर्क उघडपणे मांडल्याचे एक उदाहरण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे आहे. तिथे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी १८७५ साली दोन खासगी गॅस कंपन्या नगरपालिकेकडे घेतल्या आणि पाणीपुरवठाही घेतला. पण दोन्हींना एक माप लावले नाही. गॅसमधून नफा मिळावा आणि तो शहराच्या कामी यावा. पाण्यावर मात्र नफा घ्यायचा नाही, कारण तो आरोग्याचा प्रश्न. हा भेद पटो न पटो, तो आधी मांडला गेला होता. आपल्याकडे विजेला गॅसच्या रांगेत बसवायचे की पाण्याच्या, हे 'बेस्ट'वरच्या लेखनाने कधी विचारलेच नाही.

आणि मग हद्दीचा घोळ. १९४७ मध्ये महापालिकेचे शहर म्हणजे मुंबई बेट. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे आत आली, शहर दहिसर-मुलुंडपर्यंत गेले. बस त्याच्या मागोमाग गेली. पुढे ठाणे, नवी मुंबईपर्यंतही पोचली. 'बेस्ट'ची वीज मात्र माहीम आणि शीवलाच थांबलेली राहिली; पलीकडे दुसऱ्या कंपन्यांचा पुरवठा. म्हणजे परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतला पंखा बोरिवलीच्या बसला हातभार लावू लागला आणि बोरिवलीतला वातानुकूलित फ्लॅट मात्र यातून मोकळा! यात कोणाचा कट नव्हता. नकाशा बदलला, हिशेब बदलला नाही, इतकेच.

२००३ चा वीज कायदा आला तेव्हा हे उघड झाले. त्याच्या ५१व्या कलमाप्रमाणे वीज वितरण करणाऱ्याने दुसरा धंदा केला तर हिशेब वेगळे ठेवायचे आणि विजेच्या पैशाने तो धंदा पोसायचा नाही. फक्त कायद्याआधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थांना हे कलम लागू नाही. या सवलतीच्या आत 'बेस्ट'ची थैली शाबूत राहिली. नियामक आयोगाने काही वर्षे वाहतुकीची तूट वीजग्राहकांकडून वसूल करू दिली. ग्राहकांनी हरकती घेतल्या आणि पुढे ती वसुली थांबली.

त्या वादात एका बाजूला 'आमच्या बिलात बस कशाला' आणि दुसऱ्या बाजूला 'बस वाचवा' एवढेच ऐकू आले. पहिली बाजू मला स्वार्थी वाटत नाही. परळच्या खोलीचे म्हणणे रास्त आहे. पण म्हणून बसने स्वतःच्या तिकिटावर जगावे, हेही मला मान्य नाही. बस साऱ्या शहराची आहे, तर तूट साऱ्या शहराच्या करातून भरावी, आणि ती किती भरायची हे सभागृहात हात वर करून ठरावे. १९४७ च्या खरेदीचा अर्थ मी तरी असाच लावतो. या वादाला लागणारी भाषा आपल्या साहित्याने तयार ठेवली नव्हती, कारण ते सगळे ट्रामच्या मागे धावत होते. मीही काही वर्षे धावलो. पेटीतला निम्मा कागद त्याचाच आहे.

२०१९ मध्ये महापालिकेने 'बेस्ट'ला पैसे दिले आणि किमान भाडे आठ रुपयांवरून पाचवर आले. तिथे माझ्या म्हणण्याजवळचे काही घडत होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, आणि नगरसेवकांची 'बेस्ट' समितीही उरली नाही. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. त्या आठवड्यातली कात्रणे मी पेटीत ठेवली आहेत. त्यांतल्या दोन लेखांची सुरुवात ट्रामने होते.