कलणं वेगळं, भार वेगळा

मंडळी, कळंबच्या समुद्रकिनारी रेसिंगच्या गाडीवर व्याख्यान, हे जरा विचित्रच. पण मागच्या खेपेला एका तरुण श्रोत्यानं आम्हाला सांगितलं, "सर, वळणावर गाडी कलत होती, म्हणून पुढे-मागे जाड स्टॅबिलायझर टाकले. कलणं थांबलं की पकड वाढतेच ना?" त्या 'च'ची आज चिकित्सा करू.

स्टॅबिलायझर, म्हणजे अँटी-रोल बार, ही डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी पोलादी दांडी. गाडी कलली की ती पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. इथपर्यंत आमचा मित्र बरोबर. पण कलणं आणि भार सरकणं या दोन गोष्टी त्यानं एक मानल्या. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट पाहा. कार्टला स्प्रिंगच नसते, ती कलते कुठे? तरी वळणावर भार बाहेरच्या चाकांवर जातोच; आतलं मागचं चाक उचललंसुद्धा जातं.

एकूण किती भार सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. दांडी ठरवते ती वाटणी: पुढच्या जोडीनं किती सोसायचं, मागच्या जोडीनं किती. आता टायरची गंमत अशी, की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या जोडीत भाराची तफावत जास्त, तिची एकूण पकड घटते. पुढची दांडी कडक केली तर गाडी वळायला कुरकुरते, सरळ जाऊ पाहते. मागची केली तर शेपूट सुटते. दोन्ही सारख्याच कडक केल्या तर वाटणी जवळपास जिथल्या तिथे. उपयोग शून्य असं आम्ही म्हणत नाही, बरं का. कलणं कमी झालं की टायर जमिनीवर नीट बसतो, स्टिअरिंगला गाडी लवकर उत्तर देते. पण खडबडीत जागी चाकं उड्या मारतात, तेही हिशेबात धरा.

आणि 'फक्त दोन मिलिमीटर जाड' या बोलण्याला फसू नका. भरीव दांडीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 20 ऐवजी 22 मिलिमीटर म्हणजे 46 टक्के जास्त!

आमच्या मित्रानं दांड्या, टायरमधली हवा आणि शॉकअब्सॉर्बर एकाच सकाळी बदलले. लॅपचा वेळ सुधारला, श्रेय दांड्यांना. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक इथे कुठे लागतो? बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची. दांडीच्या हाताला भोकं असतात: टोकाचं भोक नरम, आतलं कडक. एका वेळी एकाच दांडीचं, दोन्ही बाजूंना एकेक भोक सरका, मग चार-पाच लॅप मारा. लिंक लावताना गाडी सपाट जागी, ड्रायव्हर सीटवर; बोल्ट हातानं सहज आत गेला पाहिजे. ठोकावा लागला तर दांडी उभ्या गाडीतच पिळलेली आहे.

हा मित्र कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर जातो. तिथे कोरड्यात मागची दांडी कडक ठेवून मजा येत असेल. पण तीच गाडी भर पावसात नालासोपाऱ्याहून कळंबला आणताना शेपूट सुटली, तर तिथे मोकळी जागा नाही, शेजारून सायकलवर पोरं जात असतात. निघण्याआधी पाना काढून ती भोकं परत टोकाला आणायची, एवढं आम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.