परभूमीवरील प्रतिवाद : आनंदीबाई, रमाबाई, आंबेडकर

१

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या लेखनाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत झालेला आहे. स्थलवर्णनातील प्रत्ययकारिता, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, शैलीची प्रसन्नता ही त्या चौकटीतील नेहमीची परिमाणे. त्यामुळे या लेखनाचा एक महत्त्वाचा व्यापार दुर्लक्षित राहिला. परभूमीवर पाऊल ठेवताच लेखकाला स्वदेशाविषयीच्या एका तयार प्रतिमेला सामोरे जावे लागते. ती प्रतिमा त्याच्या आधीच तेथे पोहोचलेली असते. तो जे काही बोलतो ते तिला उद्देशूनच बोलतो आहे, असे ऐकणारे गृहीत धरतात. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथाचा भर पाश्चात्त्यांनी पूर्वेची प्रतिमा कशी घडवली यावर होता. ज्याची प्रतिमा घडवली गेली तो माणूस त्यांच्याच सभागृहात उभा राहून काय उत्तर देतो, हा प्रश्न त्यापुढचा आहे.

या उत्तरांचे मूल्यमापन आजवर एकाच कसोटीवर झाले : लेखकाने देशाची बाजू घेतली की देशाची बदनामी केली? ही कसोटी किती तोकडी आहे, हे तीन उदाहरणांवरून दिसते. तिन्ही उदाहरणे अमेरिकेतील असून १८८३ ते १९१६ या काळातील आहेत. बालविवाह आणि वैधव्य हे विषयही तिन्हींत समान आहेत.

२

आनंदीबाई जोशी यांचा अमेरिकेशी संबंधच मुळी या प्रतिमेच्या मध्यस्थीने आला. गोपाळरावांनी मदतीसाठी मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र, धर्मांतराची अपेक्षा सुचवणाऱ्या उत्तरासह, ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापले गेले आणि न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३मध्ये सेरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले. साडी आणि शाकाहार यांविषयीचा त्यांचा आग्रह या घोषणेशी सुसंगत होता. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. ज्या समाजाला वैद्यकाची दीक्षा द्यावयाची, त्याच्याजवळ स्वतःची वैद्यकपरंपरा आहे, असे ही विषयाची निवडच सांगत होती.

मात्र मिशनशी संबंधित एका सभेत बालविवाहावर बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांनी श्रोत्यांच्या अपेक्षेविरुद्ध त्या प्रथेचे समर्थन केले. त्यांचे स्वतःचे लग्न नवव्या वर्षी झाले होते, आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले होते. या समर्थनाला अज्ञान म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्याच आनंदीबाई गोपाळरावांना लिहिलेल्या खासगी पत्रात लहान वयात सोसलेल्या मारहाणीची त्यांना स्पष्ट आठवण करून देतात. म्हणजे जे सत्य पत्रात सांगता आले, ते सभेत सांगता आले नाही. सभेत ते सांगितले असते तर ते एका स्त्रीचे दुःख राहिले नसते, श्रोत्यांनी आधीच काढून ठेवलेल्या निष्कर्षाचा तो पुरावा झाला असता. आनंदीबाईंचे समर्थन हे या पुरावा होण्याला दिलेला नकार होते. त्यात स्वाभिमान होता, पण त्याची किंमत त्यांच्याच अनुभवाने मोजली.

३

पंडिता रमाबाई मार्च १८८६मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे अमेरिकेतच राहून त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. बालपण, वैवाहिक जीवन, वैधव्य अशा क्रमाने उच्चवर्णीय स्त्रीच्या दुःखाचे चित्र रेखाटून हा ग्रंथ अखेर मदतीच्या आवाहनाकडे वळतो. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली, गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली, आणि त्या निधीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उभे राहिले. ग्रंथाच्या शीर्षकात ‘उच्चवर्णीय’ ही मर्यादा घातलेली आहे. पण मूक आणि असहाय हिंदू स्त्री ही प्रतिमा ज्या वाचकाच्या मनात आधीच पक्की होती, तो ही मर्यादा फारशी मनावर घेण्याची शक्यता नव्हती. पुढे ब्रुकलिनमधील रमाबाई सर्कल आणि स्वामी विवेकानंद यांच्यात हिंदू विधवांच्या स्थितीवरून जो वाद झाला, त्यात ही प्रतिमा रमाबाईंच्या हातून निसटून स्वतंत्रपणे वावरू लागल्याचे दिसते.

रमाबाईंच्या टीकाकारांनी हा एकच ग्रंथ पुढे ठेवून त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारला. परंतु १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक त्याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. या पुस्तकात दृष्टीची दिशा उलटते. आता हिंदुस्थानातील एक स्त्री अमेरिकेचे निरीक्षण करते. राजावाचून चालणाऱ्या राज्यव्यवस्थेचे आणि स्त्रियांच्या संघटनांचे तिला मनापासून कौतुक आहे. पण मूळ रहिवाशांवरील अन्याय, कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक, कमर आवळून टाकणारा स्त्रियांचा पोशाख यांकडे ती डोळेझाक करीत नाही. विशेष म्हणजे अमेरिकन स्त्रीची प्रगती ही दीर्घ झगड्याची आणि संघटनेची कमाई म्हणून तिच्या निवेदनात येते. हे एकदा मान्य केले की हिंदू स्त्रीचे मागासलेपणही उपजत राहत नाही. साचेबंद प्रतिमेच्या मुळाशी असलेले, पूर्व स्वभावतःच मागासलेली आहे, हे गृहीतक येथे मोडून पडते.

मात्र हे गृहीतक मोडले ते मराठीत. ज्या अमेरिकन वाचकाच्या मनात ते रुजलेले होते, त्याच्यापर्यंत हे पुस्तक इंग्रजी अनुवादातून पोहोचले ते २००३ साली, तब्बल ११४ वर्षांनी. देशाच्या दुःखाचे पुस्तक इंग्रजीत आणि अमेरिकेच्या चिकित्सेचे पुस्तक मराठीत, अशी ही विभागणी आहे. दोन्ही पुस्तकांतील रमाबाई प्रामाणिकच आहेत. पण संबोधित वाचक बदलताच एकाच दृष्टीचे दोन अर्ध झाले, आणि दोन्ही अर्ध एकत्र पाहणारा वाचक त्यांना त्यांच्या काळात क्वचितच मिळाला. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्यानंतर तर हा वाचक आणखी दुरावला.

४

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवाइझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांचा पाश्चात्त्यांना तिटकारा होता आणि कुतूहलही होते. निबंधाच्या केंद्रस्थानी याच प्रथा आहेत. आंबेडकर त्यांचे समर्थन करीत नाहीत, आणि त्यांविषयी करुणाही मागत नाहीत. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. ते बंधन टिकवायचे तर स्त्री-पुरुषांच्या संख्येतील तफावत निकालात काढावी लागते, आणि या तिन्ही प्रथा त्यासाठीच्या युक्त्या आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९१३ साली सतीच्या निमित्ताने पौर्वात्य स्त्रीचे समर्थन करणारा निबंध इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. आंबेडकर त्याचा उल्लेख करतात. अशा प्रथांना थोरवी का लाभली हे सांगणारे तत्त्वज्ञान उदंड आहे, त्या उद्भवल्या का हे मात्र कोणी सांगत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

हा प्रतिवाद एकाच वेळी दोन दिशांनी चालतो. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाने ग्रासलेले असल्यामुळे त्यांना जातीतही रंगभेदच मुख्य दिसला, हे आंबेडकर पाश्चात्त्य अभ्यासकांसमोरच स्पष्टपणे मांडतात. सांस्कृतिक एकात्मतेत भारताची बरोबरी करणारा देश नाही, असेही ते म्हणतात, आणि या एकसंध समाजाचे कृत्रिम तुकडे पाडणे म्हणजे जात, असा निष्कर्ष काढतात. स्वदेशाचा गौरव आणि स्वदेशावरील आरोप एकाच युक्तिवादात बसतात, कारण आपल्या समाजाचा अन्वयार्थ लावण्याचा अधिकार येथे परक्याच्या हाती राहिलेला नाही. निबंध १९१७ साली मुंबईच्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये उच्चारलेले विधान मायदेशात बदलावे लागले नाही.

याचा अर्थ आंबेडकर निर्भीड आणि आधीच्या दोघी भीरू, असा लावणे अन्यायाचे होईल. आनंदीबाई एका कुटुंबाच्या आतिथ्यावर राहत होत्या आणि रमाबाईंना शाळेसाठी पैसा उभा करावयाचा होता. दोघींच्याही शब्दांवर श्रोत्यांच्या सहानुभूतीचा भार होता. आंबेडकरांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती आणि समोर चर्चासत्र होते, देणगीदारांची सभा नव्हती. संबोधनाची परिस्थिती संहितेला घडवते, याचे हे तिन्ही दाखले आहेत.

५

यावरून अधिक नेमकी कसोटी हाती येते. परभूमीवर केलेला प्रतिवाद देशाची बाजू घेतो की नाही, याऐवजी तोच प्रतिवाद जसाच्या तसा मायदेशात करता येतो की नाही, हे विचारले पाहिजे. जो येथे उच्चारता येत नाही तो गौरव प्रदर्शनापुरता ठरतो, आणि जी टीका येथील माणसांशी संवाद तोडून तिथेच थांबते ती परक्याच्या पूर्वग्रहाची सोय करते.

ही कसोटी केवळ इतिहासापुरती नाही. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत स्थिरावलेल्या भारतीय समाजात आज हाच वाद चालू आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकाला राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३मध्ये नकार दिला. अशा कायद्यांमुळे एका समाजावर कलंक लागेल आणि जुना पूर्वग्रह बळावेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. ही भीती पूर्णतः निराधार नाही. सेरामपूरला भाषण करणाऱ्या आनंदीबाईंनाही ती जाणवलीच असेल. पण जात नाकारून पूर्वग्रह जात नाही. ज्याने ती सोसली, त्याला मात्र पुन्हा एकदा खासगी पत्राकडे वळावे लागते.

आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये जातीची चिकित्सा मांडली, त्यानंतर ४० वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्यांनी धर्मांतर केले. १९१६चा तो निबंध परदेशी श्रोत्यांसमोर वाचला गेला असला, तरी त्याचा खरा संबोधित वाचक कोण होता, हे दीक्षाभूमीवरील त्या समुदायाकडे पाहिले म्हणजे कळते.