चित्राचे तुकडे आणि अर्थाचे सांधे

जपानी काष्ठमुद्रित निसर्गचित्रांची जिगसॉ कोडी करणे म्हणजे कलेचे खेळणे करणे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो टिकत नाही. होकुसाईची ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ (सुमारे १८३०-३२, पुढे दहांची भर पडून एकूण ४६) ही मुळातच बाजारात स्वस्त विकली जाणारी मुद्रिते होती. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा अनेकांच्या हातांतून ती सिद्ध होत. विचार करावयाचा तो तुकडे पाडण्याच्या रीतीचा.

लंडनच्या स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून कापले ते देशांच्या सीमांवरून. तेथे काप अर्थाच्या सांध्यावर पडे. आजचा साचा चित्राला जुमानीत नाही. ‘डोंगरावरून’ या शब्दाचे ‘डोंगरा’ आणि ‘वरून’ असे विभाजन करणे वेगळे आणि ‘डों-गराव-रून’ असे तुकडे पाडणे वेगळे. काष्ठमुद्रेचेही नैसर्गिक विभाजन असतेच. पण ते थरांचे: रेषेचा एक ठसा, मग प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ठसा. कोडे नेमके हे थर एकत्र ठेवून त्यांना आडवे छेदते. एक लाभ मात्र मान्य केला पाहिजे. आकाशाच्या निळ्या छटेत पकडावयास रेषाच नसते. तेथे छापणाऱ्याने ठशावर रंग किती हलक्या हाताने पुसला असेल, हे कोडे सोडविणाऱ्यास प्रथमच जाणवते. (प्रदर्शनात याकडे बहुधा कोणी पाहत नाही.)

अशी मालिका बुलढाणा जिल्ह्यातील लोणारविषयी कल्पून पाहावी. ३,७७६ मीटरांचा फुजी दुरून दिसतो, म्हणूनच लाटेखाली, झाडांआडून, छपरांवरून त्याची दृश्ये संभवतात. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पण त्याचा काठ सभोवतालच्या जमिनीपेक्षा अवघा वीसेक मीटर उंच. तेथवर पोचेपर्यंत पाणी दृष्टीस पडत नाही. होकुसाईची युक्ती येथे चालणार नाही. चित्रकाराला काठावरच फिरावे लागेल, आणि भेद स्थळापेक्षा रंगात शोधावा लागेल. जून २०२० मध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झाले होते. त्या दृश्यासाठी रेषेचा ठसा तोच ठेवून केवळ पाण्याचा रंग बदलला, तरी भागले असते.