कोळीगीते (मंगेशकर–शेळके)

कोळीगीते : संगीतकार हृदयनाथ मंगेशकर (१९३७– ) आणि कवयित्री शांता शेळके (१९२२–२००२) यांनी सिद्ध केलेला, ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून महाराष्ट्रभर पोहोचलेला गीतसमूह. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’ व ‘राजा सारंगा’ ही त्यातील प्रमुख गीते होत. गायन लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांचे असून ‘मी डोलकर’मध्ये त्यांच्या जोडीला हेमंतकुमार (१९२०–८९) आहेत.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंत कुलाबा) मोरा-करंजापासून मुरूडपर्यंत, डोल हे नित्याचे जाळे आहे. ते निमुळत्या पिशवीसारखे असते. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी आत शिरतात आणि पाणी मंदावले की जाळे उचलतात. म्हणजे डोलकर मासळीचा पाठलाग करीत नाही. तो पाण्याच्या वेळा पाळतो. उधाणाला काम, भांगाला विसावा, असे त्याचे जिणे. ‘मी डोलकर’चा नायक मात्र दर्याचा राजा आहे. शब्दाचा व्यवसायवाचक अर्थ येथे मागे पडतो, डोलणे या क्रियापदाशी असलेले ध्वनिसाम्य पुढे येते आणि चालही त्याच अंगाने झुलते. घाटावरच्या श्रोत्याने डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा असे समजावे, यात नवल नाही. चाल इतकी मोहक आहे, की हा गैरसमज दूर करावा असे कोणास फारसे वाटलेही नसावे.

भाषेतही अशीच निवड दिसते. शेळके यांनी ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘गो’ हे संबोधन घेऊन बोलीचा भास उभा केला. कोळी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. गाडीची गारी, होडीची होरी. ‘वादळवारं सुटलं गो’मध्ये होडी ही होडीच राहते. ही बोली अंतर्देशीय वाचकासाठी काहीशी गाळून घेतलेली आहे. मात्र ती कोठेही थट्टेची होत नाही. बोलीगीतांत हा संयम दुर्मिळ असतो.

‘वादळवारं सुटलं गो’ हे या समूहातील सर्वांत कसदार गीत म्हटले पाहिजे. पुरुष समुद्रात गेला आहे, वारा उठला आहे आणि बोलते ती किनाऱ्यावरची बाई. पर्जन्यकालीन समुद्राचे भय कोळीवाड्यात खरोखरच असे तिच्या वाट्याला येते. लताबाईंचा स्वर येथे गोडव्याचा आश्रय न घेता धास्ती व्यक्त करतो. ‘राजा सारंगा’मध्ये धाकट्या दिराला घरी परतण्याची विनवणी आहे, नात्याचा हा तपशील त्या गीताला नुसत्या प्रणयगीतापासून वाचवतो. हेमंतकुमारांच्या घनगंभीर आवाजाने नाविकाला वजन दिले, जरी मराठी उच्चारांत त्यांचे बंगालीपण अधूनमधून डोकावते.

वस्तुतः ही लोकगीते नव्हेत. कोळी वेषातील भावगीते होत. तरीही किनाऱ्यावरील समाजाने ती आपली मानली, आणि नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमांत ती गायिली जातात. या यशाची दुसरी बाजू अशी, की कोळीगीत म्हणजे नाचाचे उडत्या चालीचे गाणे हे समीकरण बाहेरच्या जगात पक्के झाले. लग्नप्रसंगी धवलारीण वाद्यसाथीवाचून संथ लयीत जे धवले गाते, त्यांत विधी, देवदेवता व कुळाची आठवण एकवटलेली असते. तबकडीच्या तीन-चार मिनिटांत ते बसणारे नव्हते, व त्यांना असा श्रोतृवर्ग लाभला नाही.