चित्रतुरग आणि आरोपित मुख

श्रीशंकुकाने नाट्यप्रतीतीचे स्वरूप विशद करताना चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला, हे काव्यशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच. चित्रतुरगाची प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. ती या चोहोंहून निराळी होय. प्रेक्षक घोडा पाहतो, पण त्यावर स्वार व्हावयास धावत नाही. २०१७ च्या अखेरीपासून ‘डीपफेक’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कृतींचा या दृष्टांताच्या आधारे विचार केला असता, कायद्याच्या चर्चेत मागे पडणारा एक मुद्दा स्पष्ट होतो.

डीपफेकची मूळ पद्धती अशी : संगणकीय जाल दोन व्यक्तींच्या असंख्य मुद्रांचे अध्ययन करते, मान वळणे, ओठ हलणे, भुवई उचलणे असे दोघांस समान असलेले व्यापार वेगळे काढते, आणि एकाच्या व्यापारांवर दुसऱ्याचे मुख रचते. पाहणारा या घोड्यास खराच समजतो. म्हणून यातील दोष फसवणुकीचा, असा सामान्य समज आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायदा आणि भारतात फेब्रुवारी २०२६ मध्ये दुरुस्त झालेले नियम कृत्रिमतेच्या स्पष्ट निर्देशावर भर देतात, तो याच समजातून. निर्देश केला की घोडा पुन्हा चित्रातला होतो व प्रेक्षकाचा भ्रम फिटतो. परंतु चित्रातील घोड्यास स्वतःची तक्रार नसते. ज्याचे मुख उचलले त्यास ती असते.

दोन अनुबोधपटांच्या तुलनेने हे अधिक उघड होईल. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या चित्रपटात छळातून निसटलेल्या समलिंगी व्यक्तींची मुखे झाकण्यासाठी स्वयंसेवकांची मुखे त्यांवर आरोपिली आहेत. मुख देणाऱ्याची संमती आहे, घेणाऱ्याची आहे, आणि प्रेक्षकासही ते सांगितले आहे. पुढे एक पीडित पत्रकारपरिषदेत स्वतःचे नाव जाहीर करतो, त्या क्षणी आरोपित मुख विरघळून त्याचे खरे मुख प्रकट होते. संमती बदलली आणि तिच्याबरोबर प्रतिमाही बदलली. याउलट मॉर्गन नेव्हिल यांच्या ‘रोडरनर’ (२०२१) मध्ये २०१८ साली दिवंगत झालेल्या अँथनी बोर्डेन यांची काही लिखित वाक्ये यंत्रनिर्मित आवाजात ऐकविली आहेत, आणि चित्रपटात त्याचा निर्देश नाही. शब्द बोर्डेन यांचेच आहेत; पण त्यांपैकी काही एका मित्रास पत्ररूपाने लिहिलेले होते. ते जगासमोर उच्चारण्याचा निर्णय त्यांनी कधीच घेतला नव्हता. निकटवर्तीयांची अनुमती घेतल्याचे दिग्दर्शकाने म्हटले. बोर्डेन यांच्या विभक्त पत्नीने अशी अनुमती आपण दिली नसल्याचे जाहीर केले. पहिल्या चित्रपटात मुख खोटे असून अन्याय नाही. दुसऱ्यात शब्द खरे असूनही अन्यायाची शंका उरते. सत्यासत्य हा येथील निकष नव्हे, हे यावरून दिसते.

भारतीय कायद्याची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६डी तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे, तर ६७ अश्लीलतेचे. अश्लीलता हा लोकनीतीविरुद्धचा अपराध. चित्रातील स्त्रीची संमती होती की नव्हती, हा त्यातील प्रश्नच नव्हे. संमतीचा शब्द ६६ई मध्ये येतो, पण ते कलम व्यक्तीच्या गुप्तांगांच्या प्रतिमेविषयी आहे. आरोपित चित्रात मुख एकीचे, देह दुसरीचा. मग भंग कोणाच्या गोपनीयतेचा? इंग्लंड व वेल्समध्ये २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने ही अडचण ओळखली : चित्र त्या व्यक्तीचे असो वा तसे भासणारे असो, संमतीवाचून ते प्रसृत करणे हा गुन्हा ठरविला. ‘भासणारे’ या एका शब्दाने घोडा आणि चित्रतुरग कायद्यापुढे समान झाले.

आपल्याकडे न्यायालयांनी व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा मार्ग काढला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांना आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना संरक्षण दिले. हे स्वागतार्ह होय. पण या हक्काची भाषा मुख्यतः प्रसिद्धीची व तिच्या बाजारमूल्याची आहे. ज्या विद्यार्थिनीचे मुख तिच्याच वर्गबंधूने पळविले, तिच्या मुखास बाजारमूल्य नाही. प्रतिष्ठा मात्र आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्वत्र संमतीची अट घातल्यास राजकीय विडंबन अशक्य होईल. कोणता सत्ताधीश आपल्या उपहासास संमती देईल? आक्षेप रास्त आहे. विडंबनात प्रेक्षकास चित्रतुरगाची जाणीव असणे हेच मर्म, म्हणून तेथे स्पष्ट निर्देश पुरेसा मानावा. परंतु जेथे कोणाच्या देहाचे प्रदर्शन आहे, किंवा कोणाच्या तोंडी साक्षीचे शब्द घातले आहेत, तेथे निर्देश पुरेसा नाही. संमतीच हवी, आणि तीही त्या विशिष्ट उपयोगापुरती व मागे घेता येण्याजोगी. नट दुसऱ्याची भूमिका घेतो तेव्हा पणास लावतो तो स्वतःचा देह. आरोपित मुखात पणास लागतो तो दुसऱ्याचा, आणि त्यास कोणी विचारलेलेही नसते.