डावे पान, उजवे पान

स्कॉटलंडच्या आधुनिक गॅलिक कवितेचा संग्रह उघडला, की बहुधा डाव्या पानावर गॅलिक आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी मांडणी दिसते. इंग्रजी भाषांतर पुष्कळदा कवीनेच केलेले असते. ज्यांच्या घरात दोन-दोन भाषा नांदतात अशा आपल्यासारख्या वाचकांना ही सोय प्रथमदर्शनी आपुलकीची वाटते. मला गॅलिक येत नाही. डाव्या पानाशी माझी केवळ अक्षरओळख आहे. त्यामुळे मी उजव्या पानाचा ऋणी आहे. तरीही ही पुस्तके वाचताना एक प्रश्न मनातून जात नाही. या जोडपानांत मूळ घर कुठले आणि पाहुण्यांसाठीची ओसरी कुठली? हा प्रश्न पुस्तकाच्या मांडणीपुरता नाही. गॅलिक विद्यापीठात शिकवली गेली त्या सगळ्या इतिहासाचा तो प्रश्न आहे.

प्रथम नावाचा खुलासा करतो. आयर्लंडच्या भाषेला आज आयरिश म्हणतात. स्कॉटलंडच्या भाषेचे नाव तिथले लोक ‘गॅलिक’ असे उच्चारतात. दोघी सख्ख्या बहिणी. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडच्या बहिणीविषयीच लिहायचे आहे.

स्कॉटलंडमध्ये मुलांचे शिक्षण सक्तीचे करणारा कायदा १८७२ साली झाला. त्यात गॅलिकचा साधा उल्लेखही नव्हता. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८२ साली, एडिंबरा विद्यापीठात केल्टिक अध्यासन स्थापन झाले. त्यासाठी वर्गणी जमवीत फिरणारे जॉन स्टुअर्ट ब्लॅकी हे ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. अध्यासनावर आलेले पहिले प्राध्यापक डोनाल्ड मॅकिनन हे कोलन्से बेटावरचे. म्हणजे बिगरीच्या वर्गात भाषेला दार बंद आणि विद्यापीठात तिच्यासाठी मखर! ब्लॅकींच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या भाषेत मूल पाढे म्हणत नाही तिचे व्याकरण मोठ्या वर्गात इंग्रजीतून समजावून सांगणे, ही रीत तेव्हापासून रुजली.

या रीतीचा परिणाम एकाच घरात पाहायला मिळतो. रासे नावाच्या छोट्या बेटावर १९११ साली सॉर्ली मॅक्लीन जन्मले. विसाव्या शतकातला गॅलिकचा सर्वांत मोठा कवी कोण, असे विचारले तर बहुतेक जाणकार त्यांचेच नाव घेतील. हे मॅक्लीन एडिंबरा विद्यापीठात गेले आणि त्यांनी पदवीसाठी विषय घेतला इंग्रजी साहित्य. केल्टिक घेऊन पोटापाण्याची सोय होणे कठीण, हा सरळ हिशोब होता. पुढे त्यांनी शाळांतून इंग्रजी शिकवले, प्लॉक्टनच्या शाळेत १९५६ ते १९७२ मुख्याध्यापकी केली आणि कविता लिहिली ती गॅलिकमध्ये. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवून मराठीत कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. धाकटा भाऊ कॅलम मॅक्लीन याने मात्र केल्टिक विषय घेतला, आयर्लंडमध्ये लोकपरंपरा गोळा करण्याचे शिक्षण घेतले, आणि एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ सुरू झाले तेव्हा त्याचा पहिला संग्राहक झाला. १९६० साली अकाली मृत्यू येईपर्यंत तो बेटाबेटांवर हिंडून शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या, फिरस्त्यांच्या तोंडच्या कथा आणि गाणी टिपत राहिला. या संस्थेच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा भाग आता कोणालाही ऐकता येतो. विद्यापीठाने केलेल्या कामांपैकी हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण इथे विद्यापीठ शिकवायला नव्हे तर ऐकायला गेले होते.

आता सॉर्ली मॅक्लीन यांच्या एका कवितेकडे वळू. ‘हॅलेग’ ही कविता १९५४ साली प्रसिद्ध झाली. हॅलेग हे रासे बेटावरचे ओसाड गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथली कुळे हुसकून लावली. कवितेत ती माणसे परत येतात, पण झाडे होऊन. मुली बर्च वृक्षांच्या रांगा होऊन चालत येतात, मेलेली माणसे जिवंत दिसतात आणि काळ जणू थबकतो. उजव्या पानावर हे सारे फार सुंदर आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्याला ते एखाद्या आधुनिक कवीचे स्वप्नचित्र वाटते, आणि तेवढ्यावर तो समाधान मानतो.

इथे विद्यापीठातला अभ्यास मदतीला येतो. जॉन मॅकइनस हे त्याच स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमधले अभ्यासक. जुन्या गॅलिक स्तुतिकाव्याला एक ठरलेली परिभाषा होती, हे त्यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उलगडून दाखवले. टोळीचा नायक म्हणजे उमदा वृक्ष, त्याचे कुळ म्हणजे त्या वृक्षाच्या फांद्या. कोणत्या झाडाची उपमा मानाची आणि कोणती हिणकस, हेही श्रोत्यांना ठाऊक असे. एवढे समजले की ‘हॅलेग’मधली झाडे निराळी दिसू लागतात. ती कवीच्या लहरीतून उगवलेली नाहीत. एके काळी नायकांसाठी राखून ठेवलेला मान मॅक्लीन यांनी हुसकून लावलेल्या साध्या कुळांच्या लेकीबाळींना दिला आहे. कवितेतला राग आणि कवितेतली माया या एका कृतीत एकत्र येतात. उजव्या पानावर झाडे पोचतात. हा मान पोचत नाही. गावांची नावेही तशीच. हॅलेग, स्क्रेपडल या नावांत जुनी नॉर्स भाषा मुरलेली आहे आणि बेटावरच्या माणसाला त्यांतून तिथे राहणारी घराणी आठवतात. इंग्रजी पानावर त्या नावांचा नुसता नाद उरतो.

या जोडपानांवर सर्वांत कडक आक्षेप घेतला तो क्रिस्टोफर व्हाइट यांनी. ते स्वतः गॅलिक कवी, आणि मॅक्लीन यांच्या प्रेमकवितांच्या अभ्यासपूर्ण आवृत्तीचे संपादक. कवीने स्वतःच्या कवितेचे भाषांतर करू नये, असे त्यांनी २००२ च्या निबंधात मांडले. कवीच्या हातचे इंग्रजी दुसऱ्या मूळ संहितेच्या तोऱ्याने बसते. मग दुसरा भाषांतरकार धजत नाही आणि वाचक डावीकडे पाहतच नाही. आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. पण दोष भाषांतराच्या माथी मारून भागत नाही, असे मला वाटते. मॅकइनस यांचा तो उत्कृष्ट निबंधसुद्धा इंग्रजीतच लिहिलेला आहे! कविता गॅलिकमध्ये, पण तिची चर्चा, तिची परीक्षणे, तिच्यावरचे प्रबंध बहुतांशी इंग्रजीत, अशी स्थिती असेल तर उजवे पान काढून टाकल्याने काय साधणार? फिर्यादी गॅलिकचा आणि कचेरी इंग्रजीची, हे चित्र तसेच राहते.

हे दुखणे ज्याने ओळखले तो माणूस स्वतःच प्राध्यापक होता, म्हणून डेरिक टॉमसन यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. लुइस बेटावर वाढलेले टॉमसन (१९२१–२०१२) ग्लासगो विद्यापीठात १९६३ ते १९९१ केल्टिकचे प्राध्यापक होते. शवपेट्यांविषयीची त्यांची एक कविता प्रसिद्ध आहे. शहरातल्या सुताराच्या दुकानावरून जाताना भुशाचा वास येतो आणि कवीला शवपेट्या करणारे आजोबा आठवतात. मग आठवते शाळा. तिथेही रंधा चालत होता, मुलांच्या मनावर. शवपेट्या आपल्याभोवतीच रचल्या जात आहेत आणि त्या आपल्या समाजासाठी आहेत, हे त्या मुलाला तेव्हा उमगले नव्हते. कवितेत कुठेही आरडाओरडा नाही. आजोबांच्या हातची शवपेटी मायेची आहे, शाळेतली शवपेटी झिलई लावलेली आहे. या एका फरकावर सारी कविता उभी आहे.

पण वाचकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. हा आरोप कवीच्या स्वतःच्या विभागालाही लागू होतो का? टॉमसन यांचा १९७४ चा गॅलिक काव्याचा परिचयग्रंथ पाहावा. सहाव्या शतकापासून आजवरची परंपरा सांगण्याचा आव न आणता, बांधेसूदपणे कवी आणि काव्यप्रकार समजावणारा हा ग्रंथ आजही उपयोगी आहे. आणि तो इंग्रजीत आहे. परीक्षेसाठी तो हवाच होता. टॉमसन यांचे खरे उत्तर मात्र दुसरीकडे आहे. १९५२ साली त्यांनी फिनले जे. मॅक्डोनल्ड यांच्यासह ‘गेर्म’ हे गॅलिक त्रैमासिक काढले. या शब्दाचा अर्थ हाक. जवळजवळ अर्धशतक त्यांनी ते चालवले. कथा-कवितांबरोबर पुस्तकांची परीक्षणे आणि चालू घडामोडींवरचे लेख त्यात गॅलिकमध्येच येत. ‘हॅलेग’ प्रथम छापली गेली ती याच त्रैमासिकात. तिथे उजव्या पानाची वाट न पाहता वाचणारा वाचक होता. माझ्या मते टॉमसन यांच्या अध्यासनापेक्षा त्यांचे नियतकालिक मोठे. एखादी भाषा नुसती गायला नव्हे तर वाद घालायलाही पुरते, हे त्याने सिद्ध केले.

स्काय बेटावर जुन्या गोठ्या-कोठारांच्या इमारतीत १९७३ साली ‘सावल मोर ओस्टेग’ ही संस्था उभी राहिली, ती हाच धागा पुढे नेते. नावाचा अर्थच ओस्टेगचे मोठे कोठार. इथे गॅलिक हा नुसता विषय नाही. शिकवणे, शिकणे आणि संस्थेचा कारभारही गॅलिकमधून चालतो. आज ती हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाचा भाग आहे. गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग १९८५ पासून सुरू झाले आणि २०२५ च्या कायद्याने गॅलिकला अधिकृत दर्जाही मिळाला.

तरीही आकडे दोन तोंडांनी बोलतात. सबंध स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलू शकणारे २०११ साली सुमारे ५७ हजार होते; २०२२ च्या जनगणनेत ते सुमारे ७० हजार झाले. पण पश्चिमेकडची बेटे हा गॅलिकचा खरा बालेकिल्ला. तिथे हेच प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर उतरले. आपापसात रोज बोलली जाणारी भाषा म्हणून बेटांवरही गॅलिक मोडकळीस आली आहे, असा इशारा २०२० साली एका मोठ्या पाहणीने दिला, आणि ती पाहणीही विद्यापीठातल्याच अभ्यासकांची. वर्गात भाषा चढते आहे, गावात उतरते आहे. शिकून बोलणारा कमअस्सल, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्याविना या भाषेचे पुढे चालणारच नाही. पण वर्ग सुटल्यावर बोलायला शेजार नसेल, तर पदवीची भाषा पदवीबरोबर फ्रेममध्ये जाते.

मराठीची आणि गॅलिकची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. आपण कोटींनी आहोत. म्हणून या वाचनातून मी भीतीऐवजी एक कसोटी घेतली आहे. भाषा विषय म्हणून कुठे शिकवतात याची चौकशी करावीच. पण तिच्यातून काय शिकतात, तिच्यात कशावर भांडतात, हे आधी विचारावे. सीमेवरच्या आपल्या घरांत मूल मराठीच्या पेपरात किती गुण मिळवते हे आपण कौतुकाने सांगतो. गणितात अडले, मैत्रिणीशी बिनसले, तर ते घरी येऊन कोणत्या भाषेत बोलते, इकडे आपले तेवढे लक्ष नसते.

मॅक्लीन यांचा १९८९ चा समग्र संग्रह मिळाल्यास अवश्य वाचावा. उजव्या पानावरून वाचायला सुरुवात करण्यात कमीपणा नाही. कवीच्या आवाजातले ‘हॅलेग’चे वाचनही ऐकावे. शब्द कळले नाहीत तरी गावांची नावे ओळखू येतात, आणि त्यांवर तो आवाज किती वेळ रेंगाळतो हे ऐकल्यावर डावे पान कोरे वाटत नाही.