गेमच्या छापील मासिकाची वर्गणी भरावी का?

रोह्याचा माझा मावसभाऊ एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून सध्या पेटची तयारी करतोय. व्हिडिओ गेमची परीक्षणं हा त्याचा विषय. मागच्या रविवारी तो रोहा-दिवा गाडीने पेणला आला आणि चहा हातात पडायच्या आधीच म्हणाला, "ताई, 'एज'ची वर्षभराची वर्गणी भरू का? छापील अंकांची."

'एज' हे ब्रिटनमधलं मासिक १९९३ पासून निघतंय. वर्षाला तेरा अंक, वर परदेशी टपालखर्च. पैसे त्याने शिकवण्या घेऊन साठवलेले. म्हणून "भर की" असं पटकन म्हणवेना. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतेय. तुमचा विषय भातावरची कीड असो की पॉलिमर, एखादा स्रोत कशासाठी वापरायचा हा प्रश्न तुम्हालाही सुटणार नाहीये.

आधी सोपा भाग. कोणता गेम घ्यावा हे ठरवण्यासाठी वर्गणी भरणार असाल तर भरू नका. 'सायबरपंक २०७७' आठवा. १० डिसेंबर २०२० ला तो बाजारात आला. त्याआधी परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली होती. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आवृत्ती २.० आली. म्हणजे २०२० च्या छापील परीक्षणात ज्या गेमचं वर्णन आहे, तो गेम आज विकतच मिळत नाही. गिऱ्हाइकाला अशा परीक्षणाचा काय उपयोग?

पण आता गिऱ्हाईक म्हणून नाही, संशोधक म्हणून बघा. तेच शिळं परीक्षण पुरावा ठरतं. त्या महिन्यात परीक्षकाला काय दाखवलं गेलं, त्याने काय लिहिलं, शेजारी जाहिराती कुणाच्या होत्या, हे सगळं तारखेसह गोठलेलं असतं. नंतर कुणी गुपचूप आकडा बदलू शकत नाही. ऑनलाइन परीक्षणाबद्दल ही खात्री देता येत नाही.

उदाहरण ताजं आहे. अमेरिकेतलं 'गेम इन्फॉर्मर' १९९१ पासून निघत होतं. २ ऑगस्ट २०२४ ला मालक कंपनीने ते बंद केलं आणि त्याच दिवशी संकेतस्थळावरचे जुने लेखही दिसेनासे झाले. मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाने मासिक आणि लेख दोन्ही परत आणले, हे नशीब. मधल्या काळात कुणाच्या प्रबंधात त्या लिंका असतील तर त्याने परीक्षकांसमोर काय उघडून दाखवलं असतं? ज्यांच्या कपाटात अंक होते ते निवांत होते.

म्हणून छापलेलं ते सगळं विश्वासाचं, असं मात्र समजू नका. पुरावा टिकाऊ असणं वेगळं आणि खरा असणं वेगळं. 'गेम इन्फॉर्मर'ची मालकी २००० पासून गेमस्टॉपकडे होती, म्हणजे गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीकडे. दुकानाच्या सभासदत्वासोबत मासिक मिळायचं. त्यामुळे त्याच्या प्रचंड खपावरून 'इतके लोक परीक्षणं वाचत होते' असा निष्कर्ष काढलात तर पहिल्याच सादरीकरणात तुमची दांडी उडेल. 'एज'मध्ये परीक्षणाखाली सहसा लेखकाचं नाव नसतं. तो मासिकाचा एकत्रित आवाज मानला जातो. वाचायला छान वाटतं, पण कोणता परीक्षक कडक आणि कोणता सैल हे तुम्हाला तपासता येत नाही. जपानच्या 'फामित्सू'ची पद्धत उलटी: चार परीक्षक, प्रत्येकी दहापैकी गुण, एकूण चाळीस. १९९८ साली 'ओकारिना ऑफ टाइम'ला पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले. इथे चौघांचे आकडे वेगवेगळे छापलेले असल्यामुळे त्यांच्यात एकमत किती हे मोजता येतं. मावसभावाला परीक्षकांमधलं मतभेदाचं प्रमाण अभ्यासायचं असेल तर 'एज'चे तेरा अंक त्याच्या काहीच कामाचे नाहीत. भाषा अभ्यासायची असेल तर मात्र सोनं आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. २००१ साली मुंबईतून सुरू झालेलं 'डिजिट' आमचा दादा नेमाने घ्यायचा. सोबत 'स्कोअर' ही गेमची पुरवणी आणि गेमचे नमुने असलेली डीव्हीडी. इंटरनेट कासवाच्या चालीने चालायचं, तेव्हा पेणमधल्या पोरांना नवा गेम बघायला मिळायचा तो त्या डीव्हीडीतूनच. भारतातल्या लहान गावांत गेम कसे पोचले यावर कुणी लिहिलं तर ते गठ्ठे म्हणजे मूळ साधन. आमचे अर्धे गठ्ठे रद्दीत गेले. उरलेले रोह्याला मावशीच्या पोटमाळ्यावर ठेवले होते, ते वाळवीने खाल्ले. त्या दिवशी मावसभावाने फोनवर दाखवलं: वरचं मुखपृष्ठ शाबूत आणि आत नुसती माती. तेव्हा कागदाचंही फार कौतुक नको. टिकतो तो सांभाळणाऱ्याकडेच.

वर्गणीआधी आणखी एक पर्याय बघा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. त्यात आता छापले न जाणाऱ्या मासिकांचे दीड हजारावर अंक वाचायला आणि शब्दांवरून शोधायला मिळतात, तेही फुकट. जुन्या काळाबद्दलचा प्रश्न असेल तर आधी तिथे जा.

माझं मत असं. ज्याचा संशोधनप्रश्न अजून एका वाक्यात लिहून झालेला नाही, त्याने वर्गणी भरू नये. एक सुटा अंक मागवावा आणि त्यातल्या प्रत्येक परीक्षणाला चार प्रश्न विचारावेत: कोणती आवृत्ती खेळली, कोणत्या यंत्रावर, कोणी खेळली, आणि पैसे कोणाचे? चारपैकी दोनांची उत्तरं छापील पानात मिळाली आणि ती तुमच्या प्रश्नाला लागणारी असली, तर खुशाल वर्गणी भरा आणि अंक लोखंडी कपाटात ठेवा.

मावसभाऊ जरा हिरमुसला. संध्याकाळच्या गाडीला निघताना म्हणाला, "म्हणजे आधी प्रश्न लिहू?" मी म्हटलं, हो. तो लिहायला वर्गणी लागत नाही.